बीटल्स : व्यक्तिमत्त्वसंघर्ष आणि सत्तासंबंध (१९५७–१९७५)

प्रस्तावना

कलावंतांचा एखादा समूह फुटला की त्याची कारणे स्वभावात शोधण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. कोणी गर्विष्ठ होता, कोणी हट्टी होता, कोणाची पत्नी मध्ये आली, अशा स्वरूपाची स्पष्टीकरणे चरित्रवाङ्मयातून येतात आणि लोकस्मृतीत घट्ट रुजतात. मराठी रंगभूमीवरील भागीदारीच्या नाटक मंडळ्यांच्या फाटाफुटीविषयीही अशीच आख्याने आपल्याकडे प्रचलित आहेत. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरातून उदयास आलेल्या ‘बीटल्स’ या वाद्यवृंदाचे विघटन हे या प्रकारच्या आख्यानाचे जगातील बहुधा सर्वाधिक परिचित उदाहरण होय. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चौघांनी १९६२ ते १९७० या अल्प कालखंडात लोकप्रिय संगीताचे स्वरूप बदलून टाकले आणि त्यानंतर ते एकमेकांविरुद्ध न्यायालयात उभे राहिले. हे कसे घडले?

या प्रश्नास ‘योको ओनो’ असे एका नावाचे उत्तर अनेक वर्षे दिले गेले. त्या खालोखाल ‘मॅकार्टनी यांची हुकूमत’ हे उत्तर आहे. प्रस्तुत लेखात स्वभावांचे महत्त्व नाकारलेले नाही. तथापि ज्येष्ठता, गीतांवरील नाव, गीतांची मालकी आणि निर्णय घेण्याची पद्धत या चार गोष्टींनी त्या स्वभावांना कोणते वळण दिले, हे तपासण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

ज्येष्ठतेची उतरंड

६ जुलै १९५७ रोजी लिव्हरपूलच्या वूल्टन भागातील सेंट पीटर्स चर्चच्या जत्रेत लेनन आणि मॅकार्टनी यांची प्रथम भेट झाली. लेनन यांचे वय तेव्हा सोळा, मॅकार्टनी यांचे पंधरा. वाद्यवृंद लेनन यांचा होता. मॅकार्टनी त्यात घेतले गेले. आपल्यापेक्षा चांगली गिटार वाजविणारा मुलगा घ्यावा आणि आपले स्थान धोक्यात घालावे, की त्यास बाहेर ठेवून आपण प्रमुख राहावे, हा विचार आपल्या मनात आला होता, असे लेनन यांनी पुढे सांगितले आहे. त्यांनी पहिला पर्याय निवडला. बीटल्सच्या इतिहासातील सत्तेचा पहिला निर्णय हाच म्हणावा लागेल, आणि तो एका सोळा वर्षांच्या मुलाने घेतलेला आहे हेही ध्यानात ठेवले पाहिजे. मॅकार्टनी यांची आई १९५६ मध्ये निधन पावली होती. लेनन यांची आई १९५८ मध्ये मोटारीच्या धडकेने गेली. या समान दुःखाने दोघांमध्ये जो दुवा निर्माण झाला, त्यात तिसऱ्यास प्रवेश नव्हता.

तिसरा आला तो १९५८ मध्ये. जॉर्ज हॅरिसन हे मॅकार्टनी यांच्या शाळेतील विद्यार्थी, त्यांच्याहून अवघ्या आठ महिन्यांनी लहान. परंतु लेनन यांना ते पोर वाटले आणि समूहात घेताना त्यांनी वयाचा मुद्दा काढला. हे आठ महिने हॅरिसन यांना पुढे बारा वर्षे पुरले. माणूस ज्या वयात एखाद्या समूहात प्रवेश करतो, त्याच वयाचा तो इतरांच्या नजरेत राहतो, याचा अनुभव कुटुंबात आणि महाविद्यालयीन विभागांतही येतो. बीटल्स त्यास अपवाद नव्हते.

हॅम्बुर्गमधील रात्र-रात्र चालणाऱ्या कार्यक्रमांनी (१९६०–६२) हा समूह घडविला, त्याचबरोबर त्यातील वगळण्याची रीतही घडविली. लेनन यांचे कलामहाविद्यालयातील मित्र स्टुअर्ट सटक्लिफ यांना वादनात फारशी गती नव्हती. मॅकार्टनी यांच्याशी त्यांचे खटके उडत आणि एकदा रंगमंचावरच हातघाई झाली. सटक्लिफ १९६१ मध्ये बाहेर पडले, बास गिटार मॅकार्टनी यांच्याकडे आली. पीट बेस्ट या ड्रमवादकाची कथा अधिक बोलकी आहे. दोन वर्षे सोबत वाजविल्यानंतर, ध्वनिमुद्रणाचा करार दृष्टिपथात असताना, १६ ऑगस्ट १९६२ रोजी त्यांना काढून टाकण्यात आले. निर्णय इतर तिघांचा होता; तो सांगण्याचे काम मात्र व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन यांच्यावर सोपविले गेले. लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबमधील चाहते संतापले आणि त्या धुमश्चक्रीत हॅरिसन यांचा डोळा सुजला. अप्रिय गोष्ट स्वतः न बोलता मध्यस्थाकरवी उरकण्याची ही सवय पुढे महागात पडली, कारण मध्यस्थ कायम राहणारा नव्हता.

बेस्ट यांच्या जागी आलेले रिंगो स्टार वयाने चौघांत सर्वांत मोठे, पण समूहात सर्वांत नवे. ‘लव्ह मी डू’ या पहिल्या तबकडीच्या वेळी निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी एका आवृत्तीसाठी भाडोत्री ड्रमवादक बसविला आणि स्टार यांच्या हाती खंजिरीसारखे वाद्य दिले. हा अपमान ते विसरले नाहीत.

जोडनाव आणि मालकी

बीटल्समधील सत्तेचे खरे केंद्र रंगमंच नव्हे, तर गीतांवरील नाव हे होते. लेनन आणि मॅकार्टनी यांनी किशोरवयातच ठरविले होते की, गीत कोणीही रचले तरी त्यावर दोघांचे नाव राहील. आपल्याकडे शंकर-जयकिशन या जोडनावाबाबतही असाच संकेत होता, त्यामुळे ही व्यवस्था मराठी वाचकास अपरिचित नाही. मार्च १९६३ मधील पहिल्या संग्रहावर नावांचा क्रम ‘मॅकार्टनी-लेनन’ असा होता. त्याच वर्षी तो ‘लेनन-मॅकार्टनी’ असा स्थिर झाला. नावांची ही अदलाबदल वरवर क्षुल्लक वाटते. परंतु १९७६ मध्ये मॅकार्टनी यांनी आपल्या मैफलींच्या संग्रहात स्वतःच्या पाच बीटल्स-गीतांवर क्रम उलटा केला आणि २००२ मध्ये पुन्हा तसेच केले, तेव्हा योको ओनो यांनी जाहीर आक्षेप घेतला. चाळीस वर्षांनीही ही जखम ओली होती.

नावामागे पैसा होता. फेब्रुवारी १९६३ मध्ये ‘नॉर्दर्न साँग्ज’ ही प्रकाशन संस्था स्थापन झाली. तिचा सुमारे निम्मा हिस्सा प्रकाशक डिक जेम्स आणि त्यांचे भागीदार यांच्याकडे, लेनन आणि मॅकार्टनी यांच्याकडे प्रत्येकी २० टक्के आणि एप्स्टाइन यांच्याकडे १० टक्के अशी वाटणी होती. म्हणजे रचनाकारांची स्वतःच्या रचनांवर सत्ता नव्हती, हे त्या दोघांना पुरते उमगण्यास काही वर्षे लागली. १९६५ मध्ये ही संस्था भागबाजारात आली तेव्हा लेनन आणि मॅकार्टनी यांना प्रत्येकी १५ टक्के भाग मिळाले. हॅरिसन आणि स्टार या दोघांच्या वाट्यास मिळून १.६ टक्के आले. हॅरिसन यांची गीते १९६८ पर्यंत याच संस्थेशी बांधलेली होती. याचा अर्थ असा की, त्यांच्या गीताच्या प्रकाशनातून होणाऱ्या लाभात त्यांच्या स्वतःपेक्षा लेनन आणि मॅकार्टनी यांचा वाटा मोठा होता. ‘ओन्ली अ नॉर्दर्न साँग’ या गीताच्या शीर्षकातच हा उपरोध आहे.

सर्जनाच्या पातळीवरही ही विषमता दिसते. हॅरिसन यांचे पहिले गीत १९६३ अखेरीस दुसऱ्या संग्रहात आले. १९६४ मधील दोन्ही संग्रहांत त्यांचे एकही गीत नाही. ‘रिव्हॉल्व्हर’ (१९६६) मध्ये तीन, तर १९६८ च्या तीस गीतांच्या जोडसंग्रहात चार, तबकडीच्या प्रत्येक बाजूस एक. त्या वर्षी त्यांच्या ‘नॉट गिल्टी’ या गीताच्या टेकचे क्रमांक शंभरापलीकडे गेले आणि अखेर ते गीत संग्रहात घेतलेच गेले नाही. येथे कोणी दुष्टावा केला असे म्हणता येत नाही. दोन असामान्य रचनाकार एकाच वेळी भरात असताना तिसऱ्यास जागा कोठून मिळणार, ही अडचण खरी होती. मात्र तिसरा दरम्यान वाढला आहे, याकडे दोघांचेही लक्ष नव्हते. स्वभावापेक्षा रचना प्रभावी ठरली ती नेमकी येथे.

मुंबईतील हॅरिसन

या संदर्भात मुंबईचे स्थान इतिहासकारांनी अधिक गांभीर्याने घ्यावयास हवे. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे बीटल्सचा अखेरचा जाहीर दौरा संपला आणि सप्टेंबरमध्ये हॅरिसन पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी मुंबईत आले. ताजमहाल हॉटेलमधील त्यांचा मुक्काम उघड झाल्यावर गर्दी जमली, वृत्तपत्रांनी पिच्छा पुरविला आणि गुरु-शिष्य पुढे काश्मीरला गेले. बीटल्समध्ये जो ‘धाकटा’ होता, तो येथेही शिष्यच होता. पण गुरूपुढील धाकटेपण आणि बरोबरीच्यांमधील धाकटेपण यांत फरक आहे. पहिले माणसास वाढवते. सतारीत आपण फार पुढे जाणार नाही हे हॅरिसन यांनी पुढे ओळखले, तरी आपले असे एक क्षेत्र त्यांना गवसले. १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ संग्रहातील त्यांच्या भारतीय धाटणीच्या गीतात इतर तिघांपैकी कोणीही वाजवलेले नाही.

जानेवारी १९६८ मध्ये ते पुन्हा मुंबईत आले. येथील एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी शिवकुमार शर्मा, आशीष खान प्रभृती कलावंत त्यांच्या मार्गदर्शनाखाली वाजवीत होते. याच सत्रांत ‘द इनर लाइट’ या गीताचे वाद्यसंगीत मुद्रित झाले आणि मार्च १९६८ मध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या मागील बाजूस प्रसिद्ध झाले. बीटल्सच्या सुट्या तबकडीवर स्थान मिळालेले हॅरिसन यांचे हे पहिलेच गीत होय. लंडनमध्ये ज्यास आपल्या गीतासाठी वाट पाहावी लागे, तो मुंबईत सत्राचा सूत्रधार होता. हा अनुभव घेऊन परतलेला माणूस जुन्या जागी मुकाट बसेल, ही अपेक्षा अवास्तव होती.

मध्यस्थाविना

२७ ऑगस्ट १९६७ रोजी ब्रायन एप्स्टाइन यांचे वयाच्या ३२ व्या वर्षी निधन झाले. त्यांच्या व्यवहारज्ञानाविषयी शंका घेण्यास भरपूर वाव आहे. पण चौघांपैकी कोणी कोणास आज्ञा करीत नाही, आज्ञा एप्स्टाइन करतात, ही सोय त्यांच्यामुळे टिकून होती. ती संपताच पोकळी भरून काढण्यास मॅकार्टनी पुढे झाले. त्यांनी पुढाकार घेतला नसता तर १९६७ नंतरचे बहुतांश काम झालेच नसते, हे इतरांनीही पुढे मान्य केले आहे. पण बरोबरीचा माणूस वेळापत्रक आखू लागला की तो वरिष्ठ वाटू लागतो. त्यांच्याच पुढाकाराने तयार झालेला ‘मॅजिकल मिस्टरी टूर’ हा दूरचित्रपट २६ डिसेंबर १९६७ रोजी बी.बी.सी.वर दाखविला गेला आणि त्यावर सडकून टीका झाली. त्याच सुमारास सुट्या तबकड्यांच्या दर्शनी बाजूवर मॅकार्टनी यांचा वरचष्मा झाला. ‘हॅलो गुडबाय’, ‘लेडी मॅडोना’, ‘हे ज्यूड’ ही सलग उदाहरणे पाहता येतील. ज्यांनी वाद्यवृंद उभा केला, ते लेनन आता मागील बाजूस गेले होते आणि ही बाब त्यांना बोचत होती.

१९६८ च्या वसंतातील ऋषिकेशच्या वास्तव्याने एकी साधली नाही. स्टार दहा-बारा दिवसांत परतले, मॅकार्टनी मार्चअखेरीस. लेनन आणि हॅरिसन एप्रिलपर्यंत राहिले. त्यानंतरच्या ध्वनिमुद्रणात तणाव इतका वाढला की, जुलैमध्ये ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी काम सोडले आणि २२ ऑगस्ट रोजी रिंगो स्टार निघून गेले. स्टार यांनी पुढे सांगितलेली हकिकत मार्मिक आहे. आपण बाहेरचे आहोत आणि तुम्ही तिघे जवळचे आहात, असे त्यांनी लेनन यांना सांगितले. त्यावर लेनन म्हणाले की मला तर तुम्ही तिघे जवळचे वाटत होता. मॅकार्टनी यांनीही हेच उत्तर दिले. चौघांपैकी प्रत्येकास आपण एकटे आहोत असे वाटत असावे, याहून विघटनाचे स्पष्ट लक्षण कोणते? स्टार सप्टेंबरच्या आरंभी परतले तेव्हा त्यांचे ड्रम फुलांनी सजविलेले होते. त्याच आठवड्यात हॅरिसन यांनी आपल्या गीतासाठी एरिक क्लॅप्टन या मित्रास स्टुडिओत आणले. पाहुणा समोर असता मंडळी सभ्यपणे वागतात, हा त्यांचा हिशेब अचूक ठरला.

जानेवारी १९६९

२ जानेवारी १९६९ पासून ट्विकनहॅम येथील चित्रपट स्टुडिओत जे घडले, त्याची सुमारे साठ तासांची चित्रफीत आणि दीडशे तासांहून अधिक ध्वनिफीत उपलब्ध आहे. एखाद्या समूहाच्या अंतर्गत सत्तासंबंधांची इतकी तपशीलवार नोंद इतिहासात विरळाच. हॅरिसन नुकतेच अमेरिकेत बॉब डिलन आणि ‘द बँड’ यांच्या सहवासात राहून आले होते; तेथे त्यांना बरोबरीची वागणूक मिळाली होती. ट्विकनहॅममध्ये मात्र ६ जानेवारी रोजी मॅकार्टनी आणि त्यांच्यात गिटार कशी वाजवावी यावरून प्रसिद्ध वाद झाला. तुम्ही सांगाल ते वाजवीन आणि नको असेल तर वाजविणार नाही, अशा आशयाचे थंड उत्तर हॅरिसन यांनी दिले. त्यांच्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ या गीताची तालीम झाली, पण ते स्वीकारले गेले नाही. १० जानेवारी रोजी दुपारी ते निघून गेले. ते न परतल्यास क्लॅप्टन यांना घेऊ, असे लेनन बोलून गेले.

यानंतर तीन दिवसांनी उपाहारगृहातील फुलदाणीत लपविलेल्या ध्वनिग्राहकाने लेनन आणि मॅकार्टनी यांचे संभाषण टिपले. हॅरिसन यांची जखम आपण चिघळू दिली आणि तिला पट्टीही बांधली नाही, असे लेनन म्हणतात. त्याच संभाषणात मॅकार्टनी त्यांना सांगतात की, प्रमुख नेहमी तूच होतास, मी दुय्यम. प्रत्यक्ष कारभार आपल्या हाती असूनही अंतिम अधिकार दुसऱ्याचा मानणारा माणूस येथे बोलतो आहे. बाहेरून जी हुकूमत दिसते, ती आतून अधिकार नसलेल्याची अगतिकता असू शकते. मॅकार्टनी यांच्याविषयीचे प्रचलित मत या एका नोंदीने बरेच बदलावे लागते.

हॅरिसन परतले ते अटींवर: ट्विकनहॅम सोडायचे, भव्य जाहीर कार्यक्रमाचा बेत रद्द करायचा. २१ जानेवारीपासून काम सॅव्हिल रो येथील ‘ॲपल’च्या तळघरात सुरू झाले, दुसऱ्या दिवशी बिली प्रेस्टन हे वादक येऊन मिळाले आणि वातावरण निवळले. ३० जानेवारी रोजी इमारतीच्या गच्चीवर झालेले वादन सर्वश्रुत आहे. धाकट्याने प्रथमच नकाराधिकार वापरला होता आणि तो चालला होता.

योको ओनो या सर्व काळात लेनन यांच्या शेजारी बसलेल्या दिसतात. स्टुडिओत पत्नी वा मैत्रीण नसावी हा अलिखित नियम १९६८ पासून लेनन यांनी मोडला होता आणि इतरांना ते रुचले नव्हते, यात शंका नाही. तथापि याच फितींत, पन्नास वर्षांनी लोक म्हणतील की योको ॲम्प्लिफायरवर बसल्या म्हणून बीटल्स फुटले, अशी थट्टा मॅकार्टनी करताना आढळतात. एका परदेशी स्त्रीवर सर्व दोष टाकणे वृत्तपत्रांना आणि चाहत्यांना सोयीचे होते. साधनांचा आधार त्यास मिळत नाही.

तीन विरुद्ध एक

खरा भेद झाला तो व्यवस्थापकाच्या प्रश्नावर. जानेवारी १९६९ अखेरीस लेनन यांची अमेरिकी व्यवस्थापक ॲलन क्लाइन यांच्याशी भेट झाली आणि त्यांनी तात्काळ त्यांची निवड केली. हॅरिसन आणि स्टार यांनी साथ दिली. मॅकार्टनी यांना ली आणि जॉन ईस्टमन हे वकील हवे होते. मार्च १९६९ मध्ये त्यांनी विवाह केला त्या लिंडा यांचे ते वडील आणि भाऊ. इतरांनी एका भागीदाराच्या सासऱ्याच्या हाती कारभार का द्यावा, हा आक्षेप रास्त होता. क्लाइन यांच्याविषयी मॅकार्टनी यांना वाटणारा अविश्वासही पुढे रास्त ठरला. ९ मे १९६९ रोजी मॅकार्टनी यांनी स्वाक्षरी करण्यास नकार दिला. आजवर महत्त्वाचे निर्णय चौघांच्या संमतीने होत; आता प्रथमच बहुमताने एकास बाजूस सारले गेले. याच वसंतात ‘नॉर्दर्न साँग्ज’ ए.टी.व्ही. या कंपनीकडे जाऊ लागली आणि तिचे जादा भाग मॅकार्टनी यांनी न सांगता विकत घेतल्याचे लेनन यांना कळले. किशोरवयातील कराराचा पाया असलेला विश्वास त्या दिवशी ढासळला, असे माझे मत आहे.

सप्टेंबर १९६९ मधील एका बैठकीची ध्वनिफीत बीटल्सचे अभ्यासक मार्क लुईसन यांनी २०१९ मध्ये प्रकाशात आणली. तीत लेनन पुढील संग्रहासाठी प्रत्येकी चार गीते स्वतःस, मॅकार्टनी व हॅरिसन यांना आणि स्टार यांची इच्छा असल्यास त्यांना दोन, अशी वाटणी सुचवितात. जोडनावही संपवावे असे म्हणतात. हॅरिसन यांना समान वाटा मिळाला तो अशा वेळी, जेव्हा वाटण्यासारखे काही उरले नव्हते. त्याच महिन्यात लेनन यांनी आपण बाहेर पडत असल्याचे सांगितले. क्लाइन यांनी रेकॉर्ड कंपनीकडून मानधनाचा वाढीव दर नुकताच मिळविला होता आणि त्या करारावर मॅकार्टनी यांनीही स्वाक्षरी केली होती. म्हणून ही गोष्ट गुप्त ठेवण्यात आली.

मार्च १९७० अखेरीस मॅकार्टनी यांचा स्वतंत्र संग्रह पुढे ढकलावा असे पत्र लेनन आणि हॅरिसन यांनी लिहिले आणि ते घेऊन स्टार यांना पाठविले. पीट बेस्ट यांच्या वेळची रीत येथे पुन्हा दिसते. फक्त एप्स्टाइन यांची जागा स्टार यांनी घेतली होती. मॅकार्टनी यांनी त्यांना घराबाहेर काढले. विशेष म्हणजे, मॅकार्टनी यांना ही गोष्ट किती महत्त्वाची आहे हे पाहून स्टार यांनीच परत जाऊन इतर दोघांचे मन वळविले. १० एप्रिल १९७० रोजी वृत्तपत्रांनी मॅकार्टनी यांनी बीटल्स सोडल्याचे जाहीर केले. आरंभी सोडून गेलेले लेनन होते, पण जगाच्या दृष्टीने दोष मॅकार्टनी यांच्याकडे गेला आणि ही जाहीर घोषणा आपल्या हातून निसटली याचा लेनन यांना राग आला.

न्यायालय आणि साधने

३१ डिसेंबर १९७० रोजी मॅकार्टनी यांनी लंडनच्या उच्च न्यायालयात भागीदारी संपुष्टात आणण्यासाठी दावा दाखल केला. १९६७ मधील दहा वर्षांच्या करारानुसार गीतलेखन वगळता चौघांची सर्व कमाई, स्वतंत्र कामाचीदेखील, सामाईक खात्यात जात होती आणि त्या खात्यावर आता क्लाइन यांचे नियंत्रण होते. क्लाइन यांच्यापासून सुटण्यासाठी मित्रांवर दावा लावण्यावाचून कायदेशीर मार्ग उरला नव्हता. मार्च १९७१ मध्ये न्यायमूर्ती स्टॅम्प यांनी रिसीव्हर नेमला.

या दाव्यातील प्रतिज्ञापत्रे हे बीटल्सच्या इतिहासाचे एक आधारभूत साधन होय. हॅरिसन यांनी मॅकार्टनी यांच्या श्रेष्ठत्वाच्या भावनेविषयी, स्टार यांनी मार्च १९७० मधील प्रसंगाविषयी शपथेवर लिहिले. परंतु प्रतिपक्षास हरविण्यासाठी केलेले निवेदन आणि आठवण यांत अंतर असते. लेनन यांची डिसेंबर १९७० मधील प्रदीर्घ मुलाखत अशाच संतप्त मनःस्थितीतील आहे. तीवर विसंबून एक संपूर्ण पिढीने लेनन यांस प्रतिभावंत आणि मॅकार्टनी यांस व्यवहारी ठरविले. मे १९७० मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘लेट इट बी’ या चित्रपटाने जानेवारी १९६९ हा निव्वळ उदास महिना असल्याचे मनावर ठसविले. पीटर जॅक्सन यांच्या २०२१ मधील सुमारे आठ तासांच्या मालिकेत त्याच फितींतून हशा आणि विनोद बाहेर आला. दोन्ही संकलनेच आहेत. साठांपैकी आठ तास निवडणाराही काही वगळतो, याचे भान ‘गेट बॅक’च्या उत्साही स्वागतात फारसे दिसले नाही.

१९७३ मध्ये लेनन, हॅरिसन आणि स्टार यांनी क्लाइन यांच्याशी संबंध तोडले आणि पुढे ते परस्परांविरुद्ध न्यायालयात गेले. भागीदारी संपविण्याच्या दस्तऐवजावर इतर तिघांच्या स्वाक्षऱ्या आधी झाल्या. लेनन यांनी डिसेंबर १९७४ च्या अखेरीस फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलात सुट्टीवर असताना स्वाक्षरी केली. जानेवारी १९७५ मध्ये न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. वाद्यवृंद ज्याने सुरू केला होता, त्याचीच सही शेवटची होती.